पियानोचा दुरंगी सामना

हसायचं असेल तर शेवटी हसा, मंडळी. मध्येच हसलात तर मी चहा संपवून उठेन, आणि मग माझी फजिती अर्धीच ऐकून घरी जावं लागेल तुम्हाला. अर्धी फजिती म्हणजे मीठ न घातलेलं पिठलं. बसा नीट.

तर मी, आंजीचा सुदाम, वर्ध्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलणारा माणूस, एका आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत उतरलो होतो. हो, मीच. बघा, हसलात ना? अहो, मला त्या वेळी पियानो म्हणजे काय तेसुद्धा धड माहीत नव्हतं. मी वाजवायचो पेटी. दिवसा जिनात काट्यावर, संध्याकाळी भजनी मंडळात पेटीवर. सायकलनं आंजीला पोचलो की हातपाय धुवायचे, भाकर खायची आणि मारुतीच्या पारावर जाऊन भाता मारायचा. गाणार आमचे बापूरावबुवा. ते गाणार, लोक त्यांच्या गाण्याला माना डोलावणार, आणि मी मागे बसून सूर पुरवणार.

आता आमच्याकडचा सामना समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भजनाचा दुरंगी सामना. दोन गावची दोन मंडळं समोरासमोर बसतात. एक गाण्यातून सवाल टाकतं, दुसरं गाण्यातून जवाब देतं. समोरचा थांबला रे थांबला की आपण उचलायचं. दम खात बसलात, पाणी पीत बसलात, की पंच घंटी वाजवतो आणि तुम्ही हरलात. घंटी म्हणजे खेळ खलास. आणि समोरच्यानं जी चाल गायली ती आपण गायची नाही. ती उष्टी झाली. उष्टी चाल गाणाऱ्याला गावातली कुत्रीसुद्धा ओळख देत नाहीत. हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही पाठ असतं.

असाच एक सामना गिरडला होता. तिथल्या मंडळाचे बुवा म्हणजे शेषरावबुवा. दोन जोड्या बैल, मोठं वावर, आणि आवाज असा की टेकडीवरच्या दर्ग्यापर्यंत ऐकू जावा. सामन्याला त्यांची मुलगी कमल बायकांत बसली होती. मी एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना पेटीवर भलतीच पट्टी दाबली गेली आणि बापूरावांनी गाता गाता मला कोपरानं ढोसलं. कमल हसली. संपलं. त्या दिवसापासून जिनात कापसाची गाठ तोलताना मला काटा कुठे आहे ते दिसेना.

बाबांना कसंबसं सांगितलं. बाबा गिरडला गेले, मीही गेलो. शेषरावबुवांनी चहा पाजला आणि बाबांना सरळ सांगितलं.

"पोट्टा चांगला हाये. मी नाई नाई म्हनत. पन वाजवते काय, त पेटी. गाणार दुसरा, नाव दुसऱ्याचं, अन् हा मांगं बसून साथ करून राह्यला. उद्या माह्या पोरीले कोनी इचारलं तुहा नवरा कोन, त तिनं का सांगावं? बापूरावच्या मांगं बसते तो?"

"मंग आता का करा म्हनता, बुवा?" बाबांनी विचारलं.

"एकट्यानं काही करून दाखव म्हना त्याले. कुठीही दाखव. पन एकट्यानं. होळीपर्यंत वाट पाह्यतो. नाई त हिंगणघाटचा पोरगा हाये, गिरणीत कारकून. तो पेटी नाई वाजवत."

हे शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं जसं की पेटी न वाजवणं ही डिग्रीच आहे. निघताना दारात कमलनं पाण्याचा गडवा पुढे केला आणि हळूच म्हणाली, "एकट्यानं म्हंजे एकट्यानं बरं. साऱ्या गावाले घेऊन नोका जाजा." मी मान हलवली. तिला माझ्यापेक्षा माझं मंडळ जास्त कळलं होतं.

पण एकट्यानं करू काय? गळा माझा असा की मी गायलो तर बैल दाव्याला ओढ देतात. पेटी एकट्यानं वाजवली तर लोक विचारतात, बुवा कधी येणार? रोज जिनात जाताना डोक्यात हेच.

आणि अशात उंदीर धावून आला. खोटं नाही सांगत.

वर्ध्याला सिव्हिल लाइन्समध्ये डोराबाई म्हणून एक विलायती बाई राहायच्या. मिशनच्या शाळेत शिकवायला आल्या होत्या, मग सेवाग्रामला आश्रमात जाणं-येणं वाढलं आणि इथल्याच होऊन गेल्या. खादीची साडी, पायात चपला, आणि तोंडात मराठी. पण ती मराठी पुस्तकातून शिकलेली. आपण "पाणी द्या" म्हणतो, तिथे त्या "कृपया थोडे जल द्यावे" म्हणायच्या. आमच्या जिनाचा दिवाणजी त्यांच्यासमोर घाबरून तोंडच उघडायचा नाही. त्या बाईंचा एक पियानो होता आणि त्यात उंदरानं संसार थाटला होता. पेटी खोलता येणारा माणूस पाहिजे म्हणून दिवाणजीनं मला पाठवलं.

मी फळी काढली, आत हात घातला, तर उंदराचं घर आमच्याच जिनातल्या कापसाचं. एक नंबरचा लांब धाग्याचा कापूस. ते सगळं बाहेर काढलं, फळी बसवली, आणि सूर लागतात का बघावं म्हणून पट्ट्यांवर बोटं टाकली. पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या. सकाळचा अभंग आपोआप निघाला.

"थांबू नका," डोराबाई म्हणाल्या. मी वाजवत राहिलो. संपल्यावर त्या वाकून माझ्या हातांकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "आपला उजवा हात ईश्वराने सवडीने निर्माण केलेला आहे. परंतु डावा हात काय करीत आहे?"

मी खाली बघितलं. डावा हात हवेत पुढे-मागे चालला होता.

"भाता मारून राह्यला, बाई. त्याले सवय हाये."

बाई खुर्चीत बसून हसल्या, आणि मग एकदम गंभीर झाल्या. त्यांनी सांगितलं की पियानोची एक जगभराची स्पर्धा भरते आहे. आपल्या भागाची निवड नागपूरला व्हायची होती, होळीच्या आधी. तिथे जिंकेल तो मुंबईला जाणार आणि मुंबईहून बोटीनं विलायतेला. परीक्षकही विलायतेचेच येणार होते. मी फक्त एकच विचारलं.

"तिथी एकट्यानं वाजवा लागते का?"

"अर्थातच. संपूर्णपणे एकट्याने."

"मंग माह्यं नाव टाका."

विलायत गेली खड्ड्यात. मला गिरडला जायचं होतं.

मग सुरू झाली तालीम. जिन सुटलं की मी डोराबाईंकडे. त्या एक विलायती चीज वाजवायच्या, मी कानानं उचलायचो. कागद वाचायची भानगड नाही. उजव्या हातानं ती चीज थोड्याच दिवसांत घशाखाली उतरवली. खरा घोळ डाव्या हाताचा. तो आयुष्यभर एकच काम केलेल्या सरकारी नोकरासारखा. नवीन काम सांगितलं की बसून राहायचा, आणि आपली नजर चुकली की पुन्हा भाता मारायचा. बाई त्याला समजावून, रागावून, कधी पट्टीनं टिचक्या मारून कामाला लावायच्या. शेवटी तोही वठणीवर आला. म्हणजे घरी वठणीवर आला. परक्या ठिकाणचं आपण पुढे बघू.

बाईंनी मला वाकून नमस्कार कसा करायचा, बाकावर कसं बसायचं, नखं किती कापायची, सगळं शिकवलं. काय शिकवलं नाही माहीत आहे? जे त्यांच्या मुलखात शेंबडं पोरही जाणतं, तेवढंच राहिलं. माशाच्या पिल्लाला कोणी पोहायला शिकवतं का? त्यांना वाटलं, हे तर याला माहीत असणारच. आणि मला वाटलं, स्पर्धा म्हणजे सामना. सामन्यातलं मला कोण काय शिकवणार?

जायचा दिवस आला. वर्धा स्टेशनावर बघतो तर अख्खं मंडळ हजर. बापूराव, ढोलकवाला, टाळकरी, सगळे. धुवट धोतरं, डोक्याला फेटे, आणि प्रत्येकाच्या हातात दशम्यांचं गाठोडं.

"बुवा, मले एकट्यानं जायचं होतं," मी म्हटलं.

"त तू एकट्यानंच वाजवजो नं बाप्पा," बापूराव म्हणाले. "आमी खाली बसतो. परमुलखातले पंच, तुह्याकडून बोलाले कोनी पाह्यजे का नाई?"

"मंग टाळ काऊन आनले?"

"टाळ कोनी आनतलं? थे आपोआप येते."

नागपूर तेव्हा राजधानी. स्टेशनावर शेषरावबुवा उभे. बाबांचा निरोप मिळाल्यावर हिंगणघाटला गाडी धरून आमच्या आधीच आले होते, म्हणाले, "ऐकीव गोष्टीवर पोरगी नाई देत मी. डोयानं पाह्यतो." आता हरलो तर तिथल्या तिथे हरणार होतो, गावी जाऊन सारवासारव करायचीही सोय नव्हती.

स्पर्धा एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये. वर पंखे, खाली खुर्च्या, खुर्च्यांत टोपीवाल्या मडमा आणि फ्रॉकमधल्या पोरी. आमचं मंडळ मागच्या रांगेत बसलं तेव्हा अर्धा हॉल मागे वळून बघत होता. बापूरावांना वाटलं ओळखीचे आहेत, त्यांनी सगळ्यांना रामराम केला. समोर टेबलाशी तीन परीक्षक. मधला लठ्ठ, लाल, दाढीवाला, आणि त्याच्यासमोर टेबलावर पितळेची घंटी. ती बघून माझा जीव भांड्यात पडला. पंच आहेत, घंटी आहे, म्हणजे सगळं आपल्यासारखंच.

डोराबाईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं. "शांत चित्ताने बसावे. आपला क्रमांक सर्वांत शेवटी आहे. मी परीक्षकांच्या चहाची व्यवस्था पाहून येते." आणि त्या आत गेल्या. त्या जर आत गेल्या नसत्या तर आज मी तुम्हाला काही सांगत बसलो नसतो.

पहिली पोरगी आली, निळ्या फ्रॉकमधली. वाकली, बसली, आणि वाजवू लागली. मी उडालोच. अहो, ती माझीच चीज. अगदी तीच. डोराबाईंनी शिकवलेली. मी मागे वळून बापूरावांकडे बघितलं. त्यांनी ती पारावर माझ्या पेटीतून शंभरदा ऐकली होती, त्यांच्या भुवया फेट्यात शिरल्या होत्या.

दुसरी आली. तिनंही तीच वाजवली. तिसरीनंही तीच. लोक शांतपणे ऐकतायत, टाळ्या वाजवतायत. उष्ट्याचं उष्टं चाललंय आणि कुणाला काही लाज नाही. आता मला काय माहीत की ती चीज सगळ्यांनाच वाजवायची होती आणि परीक्षक त्यावरूनच जोखणार होते? बापूराव मागून कुजबुजले. त्यांची कुजबुज म्हणजे आपली हाक.

"सुदाम, चाल फुटली बे. आता थे नोको वाजवू. उष्टी झाली."

मी मान हलवली. महिनोन् महिने घोटलेली चीज मी तिथल्या तिथे डोक्यातून काढून टाकली. कमलच्या बापासमोर उष्टं खाणार होतो का मी?

मग आला एक टायवाला पोरगा. रेल्वेतल्या कुणा गोऱ्या साहेबाचा असावा. केस चापूनचोपून, काळा लांब कोट. आधी त्यानंही ती चीज वाजवली, आणि मग स्वतःच्या पसंतीची दुसरी सुरू केली. काय वाजवलं हो त्यानं. खरं ते सांगावं माणसानं. दोन्ही हात असे पळत होते की मला आपल्या डाव्या हाताची लाज वाटली. सगळा हॉल भरून गेला. आणि ऐन रंगात आल्यावर तो थांबला.

थांबला. हात मांडीवर ठेवले. खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसू लागला.

कोणी टाळी वाजवली नाही. हॉलमध्ये चिडीचूप. मी वाट बघतोय, तो पुन्हा सुरू करत नाही. आज मला माहीत आहे की विलायती चिजेचे दोन-तीन भाग असतात आणि मधे वादक असा श्वास घेतो, आणि तेव्हा शिंकायचंसुद्धा नसतं. पण तेव्हा? सवाल टाकून समोरचा थांबलाय, सभा श्वास रोखून बसलीय, आणि दाढीवाल्या पंचाचा हात टेबलावर सरकतोय. तो पेन्सिल घेत होता. मला वाटलं घंटीकडे चाललाय. त्यात मागून बापूराव: "उचल बे, उचल. का पाह्यतं?" आणि त्यांच्या बाजूला शेषरावबुवा खुर्चीच्या टोकावर येऊन माझ्याकडे डोळे लावून बसलेले.

सांगा तुम्हीच, काय करायला हवं होतं मी?

उठलो. त्या पोराला हात जोडले, कमरेनं थोडं बाजूला सारलं, बाकावर त्याच्या उजव्या अंगाला बसलो, आणि जवाब दिला. आंजीच्या मारुतीच्या पारावरची भजनाची चाल, चांगली द्रुत लयीत. पट्ट्या कशा खणखणीत बोलत होत्या. फक्त एकच झालं. घाबरल्यावर माणूस आपल्या मूळ स्वभावावर जातो, तसा माझा डावा हात गेला. तो भाता शोधू लागला. शोधता शोधता त्याला त्या पोराच्या कोटाचं टोक सापडलं. आणि मग काय, मी इकडे सूर काढतोय आणि तिकडे त्याच्या कोटाला भाता समजून मारतोय. पोरगा माझ्या लयीत पुढे-मागे हलतोय.

तो इंग्रजीत काहीतरी चिडून बोलला. मी चाल समेवर आणली आणि म्हटलं, "बरोबर हाये साहेब. आता तुमी."

तो बिचारा काय करणार? त्यानं दात आवळून आपला पुढचा भाग सुरू केला, दुप्पट जोरानं. मी मनात म्हटलं, वा, याला सामना कळतो. त्याचा भाग संपला, तो थांबला, मी पुन्हा उचललं. आता मागून टाळ सुरू झाले. आपोआप आलेले टाळ. मडमा उभ्या राहिल्या. निळ्या फ्रॉकवाली पोरगी टाळ्या वाजवायला लागली आणि तिच्या आईनं तिचे हात धरले.

आणि मग गंमत सांगतो. त्या पोरानं माझ्याकडे बघितलं, एकदम हसला, आणि माझीच भजनाची चाल उचलून त्याच्या पद्धतीनं वाजवली. खालच्या जाड सुरांत, दोन्ही हातांनी, जसं काही देवळात कुणी पहिल्यांदाच दिवा लावला. माझ्या अंगावर काटा आला. उष्टं वगैरे सगळं विसरलो. इतकं चांगलं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला कमलही आठवली नाही. मी जवाब दिला, त्यानं सवाल टाकला, मी पुन्हा जवाब दिला.

तेवढ्यात दाढीवाल्यानं घंटी वाजवली. जोरजोरात, उभा राहून.

आता बघा नशीब. घंटी वाजली तेव्हा पोराचे हात मांडीवर होते आणि माझे पट्ट्यांवर. म्हणजे अडकला कोण? तो. मागे शेषरावबुवा खुर्चीवर उभे राहिले आणि टेकडीच्या आवाजात म्हणाले, "घंटी झाली. आंजीनं सामना मारला."

पंचाच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आत मंडळ पुढे आलं. मी दाढीवाल्याच्या पाया पडलो, त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. टायवाल्या पोराशी हात मिळवला आणि त्याला म्हटलं, "जीवाले लावून नोका घेऊ, साहेब. पुढच्या साली पाह्यजा." ढोलकवाल्यानं मला खांद्यावर घेतलं. वरात हॉलच्या बाहेर पडत होती तेव्हा डोराबाई हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"सुदाम! थांबावे. कृपया थांबावे."

"पाह्य, गुरूमाय कशी भरून आली," बापूराव म्हणाले, आणि आम्ही टाळ वाजवत स्टेशनाकडे निघालो.

प्लॅटफॉर्मवर शेषरावबुवांनी संत्रं सोललं, फोड माझ्या तोंडात कोंबली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी देली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काही संत्र्याचं होतं, बरंचसं माझं.

पुढचे काही दिवस मी जमिनीवर नव्हतो. आंजीत सत्कार झाला. जिनातल्या दिवाणजीनं खुर्ची दिली. कोणी विचारायचं, "कप कुठी हाये?" मी म्हणायचो, "विलायतेहून यायचा हाये, टाइम लागते." डोराबाईंकडे जायला फुरसतच झाली नाही. फक्त साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, आमंत्रण धाडून दिलं. गुरू नको का?

गिरडला शेषरावबुवांच्या अंगणात मांडव. दोन्ही मंडळं, दोन्हीकडचे पाहुणे, हिंगणघाटच्या कारकुनाचे काकासुद्धा खास बोलावलेले. मी पाटावर बसलो. बुवा अंगठ्याला कुंकू लावून मला टिळा लावणार, एवढ्यात डोराबाई मोटारीतून उतरून मांडवात आल्या. बुवांना भरतं आलं.

"या बाई, या. टिक्याच्या आंधी तुमीच दोन शब्द सांगा. तुमच्यामुयं हे घडलं."

डोराबाईंनी सगळ्यांना नमस्कार केला. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. पुस्तकातून मराठी शिकताना ते शिकायचं राहिलं असावं.

"सुदाम यांचे अभिनंदन. परंतु एक गैरसमज दूर करणे माझे कर्तव्य आहे. यांनी स्पर्धा जिंकलेली नाही. यांचा क्रमांक येण्यापूर्वीच हे निघून गेले. यांचे नाव पुकारण्यात आले तेव्हा हे सभागृहात नव्हते. म्हणून यांना वगळण्यात आले."

बुवांचा कुंकवाचा अंगठा माझ्या कपाळासमोर वीतभर अंतरावर थांबला. हिंगणघाटच्या काकांनी सरळ होऊन टोपी नीट केली.

"पन घंटी झाली होती," बुवा म्हणाले.

"ती शांतता राखण्यासाठी होती."

"अन् तो टायवाला पोट्टा?"

"त्याला प्रथम क्रमांक प्राप्त झाला. एवढा गोंधळ होऊनही त्याने लय सोडली नाही, याचे परीक्षकांना कौतुक वाटले."

बुवांनी अंगठा तसाच धरून ठेवला. "मंग आमच्या पोराबद्दल काहीच नाई म्हनले का ते?"

"म्हणाले. त्यांना आरंभी वाटले की हे त्या मुलाचे साथीदार आहेत." डोराबाई माझ्याकडे बघून मायेनं हसल्या. "ते म्हणाले, साथ अतिशय उत्तम होती."

धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ना, मी खरंच पाटाखाली बघितलं. साता समुद्रापलीकडचे परीक्षक आले, आणि त्यांनीही मला दुसऱ्याच्या मागेच बसवलं. तोंडघशी पडल्याचं मला काही वाटलं नाही, सवय होती. पण बुवांचा अंगठा हळूहळू मागे चालला होता, आणि माजघराच्या दारामागे हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. कमल आता जाते, एवढंच मला कळत होतं. मी उठायला लागलो.

तेव्हा दारामागून आवाज आला. फार मोठा नाही, पण स्वच्छ.

"बाबा, खुर्चीवर उभे राहून सामना मारला म्हून तुमीच सांगतलं होतं नं?"

बुवा वळले. "त्याचं का?"

"काई नाई. हिंगणघाटचे काका इथीच हायेत. म्हून इचारलं. ते घरी जाऊन सांगतीन, गिरडच्या बुवाले घंटी समजत नाई."

आमच्याकडचं मंडळ एकदम खाली बघायला लागलं. बुवांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. त्या पंचक्रोशीत सामन्याचा पंच म्हटलं की लोक त्यांनाच बोलवायचे. आता ते काय म्हणणार? मी चुकलो म्हणणार? शेषरावबुवा?

"घंटी झाली म्हंजे झाली," ते गरजले. "मी माह्या कानानं आयकली. इलायतेच्या पंचाले नियम नसन समजत त त्याले आपन का करावं?" आणि त्यांनी मला टिळा लावला. इतक्या जोरात लावला की माझं डोकं मागे गेलं. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "अन् आमच्या मंडळात पेटीवाला नाई. सामन्याले येत जाजो. साथ चांगली करतं म्हने."

लग्न झालं. डोराबाई जेवल्या, आणि बासुंदी त्यांनी "पुनश्च एक वाटी" मागून घेतली. कप काही विलायतेहून आला नाही. लोक हळूहळू विसरले.

कमल मात्र विसरली नाही. त्या सगळ्या प्रकरणातून तिनं आपल्या हिशेबानं एकच गोष्ट काढली: या माणसाच्या हाती स्वतःला काही लागत नाही, पण ज्याच्या बाजूला हा बसतो तो पहिला येतो. म्हणून थोरल्याची शाळेची मोठी परीक्षा होती, त्या दिवशी तिनं मला शर्ट इस्त्री करून घातला आणि परीक्षेच्या खोलीच्या खिडकीखाली नेऊन बसवलं. "हलू नोका," म्हणाली, "पेपर होयस्तोवर."

पोरगा पहिला आला. मला शाळेच्या शिपायानं मान धरून फाटकाबाहेर काढलं.